लेकरू ‘सुस्त’ आहे, म्हणजे नेमकं काय? सीमाभागातल्या आजारी मुलांचा पहिला तास

बिदर / कलबुर्गी : बालमृत्यूची बातमी आली की आपण तीन गोष्टी विचारतो. डॉक्टर होते का, औषध होतं का, ऑक्सिजन होता का. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लेकरू गंभीर आहे हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं आणि किती वाजता?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. इथं आई मराठी बोलते, सिस्टर बहुतेक वेळा कन्नड बोलतात, रेफरची चिठ्ठी इंग्रजीत असते आणि गाडी कधी बिदरला, कधी कलबुर्गीला, तर कधी सरळ उदगीर, लातूर, सोलापूर किंवा हैदराबादला निघते. डॉक्टर भेटेपर्यंत लेकराला पाहणारं प्रशिक्षित माणूस म्हणजे आशाताई, एएनएम किंवा ड्यूटीवरची सिस्टर. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत काय पाहिलं आणि कागदावर काय लिहिलं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

एक शब्द घ्या. आपल्याकडची आई म्हणते, “लेकरू सुस्त पडलंय.” तिच्या मनात असतं की ते उठवलं तरी डोळा उघडत नाही, दूध ओढत नाही, मान टाकतंय. कन्नडमध्येही ‘सुस्तु’ आहे, पण तिथं त्याचा अर्थ साधा थकवा. दिवसभर शेतात राबलेला माणूसही ‘सुस्तु’ म्हणतो. म्हणजे आई सांगते धोक्याचं लक्षण आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडते किरकोळ तक्रार. दोष कोणाचाच नाही, पण रात्री दोन वाजता चाळीस पेशंटच्या वॉर्डात या एका शब्दावर अर्धा तास जाऊ शकतो.

चार प्रश्न आणि एक मिनिट

मुलांच्या आजाराची पहिली तपासणी कशी करायची याची एक पद्धत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घालून दिली आहे. भारताने ती नवजात बाळांची भर घालून स्वीकारली. सरकारी भाषेत तिला आयएमएनसीआय म्हणतात. मशीन नसलेल्या ठिकाणीही वापरता येईल अशी ती आखलेली आहे.

दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी आधी चार प्रश्न. दूध किंवा पाणी पिऊ शकतं का? प्यालेलं सगळंच ओकून टाकतं का? या आजारात झटके आले का? आणि ते मलूल किंवा बेशुद्ध आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं (पहिल्याचं ‘नाही’ आलं) तर लेकरू गंभीर धरायचं. ताप किती आहे हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडे सगळं उलटं चालतं. आईही ताप सांगते, आपणही ताप विचारतो.

मग श्वास मोजायचा. एक पूर्ण मिनिट, लेकरू शांत असताना, अंगातलं झबलं वर करून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगाचा श्वास. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर तो न्यूमोनियाचा आणखी ठळक इशारा. आपल्याकडे बायका याला ‘पोट उडतंय’ म्हणतात. काही ठिकाणी अजूनही ‘डबा झालाय’ म्हणतात आणि बिब्ब्याचा डाग देणारा माणूस शोधतात. लक्षण त्या बरोबर ओळखतात, उपाय मात्र घातक होतो. मला यात अर्धा पेला भरलेला दिसतो. जी बाई पोट उडताना पाहू शकते तिला श्वास मोजायला शिकवणं अवघड नाही.

हे गडचिरोलीने फार आधी सिद्ध केलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. जिला लिहिता-मोजता येत नाही तिच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वास मोजायचं साधन त्यांनी बनवलं. ३९ गावांत हे काम झालं आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जी फेरी मारतात तिचं मूळ तिथं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची आणखी एक.

माहेर कर्नाटकात, सासर महाराष्ट्रात

कागदावरच्या या सहा भेटी सीमेवर कशा होतात ते बघा. भालकीची मुलगी उदगीरला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कर्नाटकात. तिचं तायी कार्ड इथलं. सव्वा महिना झाला की ती सासरी जाते, कधी त्याआधीच. इथल्या आशाताईच्या वहीत बाळ ‘स्थलांतरित’ होतं आणि तिकडच्या आशाताईच्या वहीत ते अजून आलेलंच नसतं. नंतरच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याच्या भेटींचंही तेच. उलट दिशेनेही हेच घडतं. निलंगा, देवणी, उमरगा, देगलूर, अक्कलकोट या तालुक्यांतल्या लेकी आपल्याकडे नांदतात आणि बाळंतपणाला तिकडे जातात.

आम्ही कॉमर्सवाले. ज्या दोन वह्यांचा मेळ कधी बसवला जात नाही, त्यांच्या मधली रक्कम गायब होते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. इथं मधे रक्कम नाही, दीड महिन्याचं बाळ आहे. दोन्ही राज्यांची पोर्टलं आहेत, ऑनलाईन नोंदी आहेत. तरी भालकीच्या आशाताईने उदगीरच्या आशाताईला एक फोन करावा, अशी साधी रीतही बसलेली नाही. जिथं काही आशाताई स्वतःहून करतात तिथं ते त्यांच्या खिशातल्या मोबाईलवर चालतं.

१०८ चं तसंच. नंबर दोन्ही राज्यांत एकच, यंत्रणा मात्र वेगळ्या. कर्नाटकात ही सेवा २००८ पासून, महाराष्ट्रात २०१४ पासून. सीमेवरच्या गावात मोबाईलने कुठला टॉवर धरला यावर फोन बेंगळुरूला लागतो की पुण्याला हे ठरतं. गावाचं नाव दोनदा सांगावं लागतं, तालुका तीनदा. घरच्यांनी तालुका, जिल्हा आणि राज्य आधीच सांगितलं तर तेवढा वेळ वाचतो.

नांदेडने काय दाखवलं

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जे झालं ते आपल्या भागात सगळ्यांना आठवत असेल. २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. ४८ तासांचा आकडा ३१ वर गेला, त्यात १६ मुलं. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि बातमी तिकडेच वळली. कॅमेऱ्यासाठी ते सोयीचं होतं.

मुख्य गोष्टी दोन होत्या. नवजात विभागात खाटांच्या दुपटीहून जास्त बाळं दाखल होती. आणि शासनाच्या म्हणण्याप्रमाणे बरीच बाळं खासगी दवाखान्यांतून शेवटच्या अवस्थेत आली होती. न्यायालयाने खासगीकडे बोट दाखवून सरकारला सुटू दिलं नाही, आणि ते योग्यच झालं. तरी दुसरा मुद्दा खोटा ठरत नाही. बाळ उशिरा आलं याचा अर्थ कुठंतरी, कोणीतरी, काही तास आधी ते गंभीर आहे हे ओळखलं नाही. किंवा ओळखलं आणि पाठवलं नाही.

आता पहिल्या मुद्द्याचा हिशोब मांडू. नवजात विशेष दक्षता विभागात, लोक ज्याला ‘काचेत ठेवलंय’ म्हणतात तिथं, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका पाळीत तीन ते चार खाटांमागे एक परिचारिका असावी. २४ खाटा धरल्या तर पाळीला सहा ते आठ. तीन पाळ्यांच्या १८ ते २४. सुट्टी, आजारपण, बाळंतपणाची रजा यासाठी साधारण ३० टक्के जास्त धरतात. म्हणजे २४ ते ३१ सिस्टर फक्त त्या एका विभागासाठी. बाळं दुप्पट झाली की हा आकडाही दुप्पट व्हायला हवा. पण खाटांची संख्या मंजूर असते आणि बाळांची संख्या मंजूर नसते, त्यामुळे नेमणुका खाटांवर होतात आणि काम बाळांवर.

एका बाळाचं तापमान, श्वास, नाडी, ऑक्सिजन, साखर, सलाईनचे थेंब आणि नळीने दिलेलं दूध नीट पाहून लिहायला दहा मिनिटं धरा. सहा बाळं म्हणजे एक तास. बारा बाळं असतील तर पहिल्या बाळाकडे ती परत येते दोन तासांनी. नवजात बाळ दोन तासांत गार पडू शकतं, साखर उतरू शकते, श्वास थांबू शकतो. यात निष्काळजीपणा शोधायची गरजच पडत नाही, गणितच चुकलेलं आहे.

आणखी एक. या विभागात काम करणाऱ्या परिचारिकांना चार दिवसांचं वर्ग-प्रशिक्षण आणि दोन आठवड्यांचं प्रत्यक्ष निरीक्षण असं तयार करतात. अशी तयार झालेली सिस्टर नंतर बदलीत दुसऱ्या वॉर्डात गेली, किंवा कंत्राट संपलं म्हणून खासगीत गेली, तर ते शिक्षण तिच्याबरोबर जातं. वॉर्डात मशीन राहतं. मशीनचं उद्घाटन होतं, सिस्टरचं होत नाही.

२०२१ च्या ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या अशाच विभागात आग लागून दहा बाळं गेली. नंतर गुन्हा परिचारिकांवरही दाखल झाला. आपल्या कलबुर्गीतच नोव्हेंबर २०२४ मध्ये परिचारिकेच्या वेशात आलेल्या बायकांनी रक्त तपासायचं सांगून जिल्हा रुग्णालयातून नवजात बाळ पळवलं. पोलिसांनी ते सुखरूप शोधून आणलं. पण बघा, पांढरा कोट दिसला की आई बाळ हातात देते. एवढा विश्वास त्या वेशावर आहे, आणि तो वेश घालणाऱ्या खऱ्या माणसांची संख्या मोजायची मात्र आपल्याला सवय नाही.

शेतातले अपघात : हात लावून कळणाऱ्या गोष्टी

आजाराइतकंच इजा आणि विषबाधेचं. आपला भाग तुरीचा आणि उसाचा. ट्रॅक्टर-ट्रॉली, विहीर, उकळता रस, विंचू, साप. यात लहान मुलाची तपासणी मोठ्या माणसासारखी होत नाही.

विंचवाचं उदाहरण घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध उपयोगी पडतं हे दाखवलं, आणि कोकणात या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध कधी सुरू करायचं? मुलाचे हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, उलट्या, नाडी जोरात. यातलं गार पडणं आणि घाम हे सिस्टरला हात लावून कळतं. ज्या मुलाला नुसत्या वेदना आहेत त्याचं वेगळं आणि ज्याचे तळवे गार पडलेत त्याचं वेगळं. रडतंय म्हणून गंभीर आणि गप्प झालं म्हणून बरं, असा समज घरच्यांचा असतो. मुलांच्या बाबतीत गप्प झालेलं लेकरूच आधी पाहायचं असतं.

सापाचं आणखी फसवं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दाताची खूण दिसतेच असं नाही. मुलगा पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. पापण्या जड, बोलणं अडखळत. कोणी त्याला पोटदुखीचं औषध देऊन घरी पाठवलं तर संपलं. घोणस चावल्याची शंका असेल तर साध्या काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठतं का बघायचं, एवढी तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही होते. आणि एक गोष्ट पालकांना पटत नाही : सर्पविषाची लस लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढीच लागते. विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी येत नाही. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, हे चांगलं झालं.

बाकी जवळपास प्रत्येक औषध मात्र वजनावर. म्हणून मुलाचं वजन केस पेपरवर हवंच, अंदाजे नको. तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलीलीटरला १०० मिलिग्रॅम असतात आणि साधं सिरप पाच मिलीलीटरला सुमारे १२० ते १२५. घरी बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला की डोस चौपट होतो. सिस्टरने डिस्चार्जच्या वेळी आईच्या हातात चमचा देऊन भरून दाखवायला लावावं, यासारखा स्वस्त इलाज नाही.

त्या रात्रीची सिस्टर

माझ्या बहिणीचं लेकरू आठ महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. दोन दिवस सर्दी-खोकला. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा खोकल्याचं औषध आणि एक इंजेक्शन. लेकराच्या अंगातला स्वेटर एकदाही निघाला नाही. तिसऱ्या रात्री आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर लेबर रूममध्ये होते. सिस्टर कन्नड, बहीण मराठी. सिस्टरने आधी कन्नडमध्ये विचारलं, मग बहिणीचा चेहरा बघून दखनीत आली. “दूध पीरा क्या? पिया सो सब उलटी कररा क्या?” बिदर भागात ही तिसरी भाषा नसती तर आपलं काय झालं असतं कोण जाणे.

मग तिने स्वेटर काढला, घड्याळ डोळ्यासमोर धरलं आणि एक मिनिट काहीच बोलली नाही. आम्हाला वाटलं ही नुसती बघत बसलीय. मी रागाने काहीतरी बोललोही. ६४, ती म्हणाली. बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन सुरू केला, डॉक्टरांना बोलावून आणलं आणि अॅम्ब्युलन्स निघताना चिठ्ठीवर वजन, श्वास, ऑक्सिजन, दिलेलं औषध आणि वेळ असं पाच ओळींत लिहून दिलं. पुढच्या दवाखान्यात त्या पाच ओळी वाचून थेट आत घेतलं. लेकरू आता शाळेत जातं. सिस्टरची मी तेव्हा माफी मागितली नव्हती.

अशा पाच ओळींची चिठ्ठी सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक लेकराबरोबर का नसावी? बऱ्याचदा चिठ्ठीवर एवढंच असतं : ‘पुढील उपचारासाठी रेफर.’ आधी कुठला अँटिबायोटिक दिला, किती वाजता, झटके आले का, काही नाही. मग लातूर, सोलापूर किंवा हैदराबादच्या निलोफरमध्ये सगळं पहिल्यापासून. रेफर करण्याआधी पहिला डोस देता येतो. लहान बाळात संसर्गाची शंका असेल तर एएनएमलाही ठरलेल्या औषधांचा पहिला डोस द्यायची परवानगी आहे. बाळ वाटेत गार पडू नये म्हणून आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधणं आणि पिऊ शकत असेल तर दूध पाजत नेणं, याला तर पैसाही लागत नाही.

८६५ गावांचं कार्ड

राजकारणाबद्दल बोलल्याशिवाय सीमाभागातलं कुठलंच विश्लेषण पूर्ण होत नाही, म्हणून थोडक्यात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं. बेळगाव, कारवार, बिदर, कलबुर्गी हे चार जिल्हे त्यात आहेत. सीमेलगतच्या महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत १४० आणि या चार जिल्ह्यांत दहा जादा रुग्णालयं जोडायचा निर्णय झाला. कर्नाटकाने जोरदार आक्षेप घेतला. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहेच. शिवाय एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहन मोफत, हे केंद्राच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात दोन्हीकडे लागू आहे.

माझं मत विचाराल तर ज्याला जे कार्ड मिळतं ते त्याने घ्यावं. संकटात कोणी कार्डाचा रंग बघत नाही. पण कार्ड लागतं अॅडमिट झाल्यावर. आपल्या गावातलं लेकरू मरतं ते बहुतेक त्याआधीच्या तासांत, आणि त्या तासांवर दोन्ही सरकारांपैकी कोणीच भांडत नाही.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून मुलांच्या वॉर्डांसाठी देशभर एकच तक्ता आणला गेला. श्वास, नाडी, ऑक्सिजन, शुद्ध यांना गुण देतात आणि गुण वाढले की सिस्टरने वरिष्ठांना बोलवायचंच. त्या तक्त्यात एक रकाना आई-बापाच्या काळजीचाही आहे. ‘मूल नेहमीसारखं वाटत नाही’ असं आई म्हणाली तर तीही नोंद. २०२१ मध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी लंडनमध्ये गेली. घरच्यांचं ऐकलं गेलं नव्हतं. त्यानंतर तिथं पालकांना दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागण्याचा मार्ग मिळाला. तिथं आई आणि नर्स एकच भाषा बोलत होत्या, तरी हे करावं लागलं.

बिदरच्या ब्रिम्समध्ये, कलबुर्गीच्या जिम्समध्ये आणि तालुका रुग्णालयांत मुलांच्या वॉर्डाच्या दारावर कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषांत ते चार प्रश्न लिहिलेला एक फलक लावायला किती खर्च येईल? फ्लेक्सवाल्याला विचारलं. चार बाय तीनचा बोर्ड, फ्रेमसकट, हजार रुपयांच्या आत. मजकूर मात्र कोणाकडून तरी तपासून आणा, असं तो म्हणाला, कारण मागे एका बोर्डावर ‘जुलाब’ चुकीचं छापलं होतं आणि तो परत करावा लागला.